पेडल सरकवावे की सीट?

सावनेरहून पांढुर्णा, छिंदवाड्याकडे कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या आपल्या बांधवांपैकी ज्यांची उंची कमी आहे, त्यांचा पाय पिकअपच्या ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाही. आम्हीही एकदा पेडलवर लाकडी ठोकळा बांधला. उतारावर तो सरकला; अल्लाहने वाचविले. तेव्हापासून या विषयाची माहिती घेतली, ती येथे देत आहोत.

अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड कंपनीने बटण दाबून सरकणारी पेडल दिली. लहान विद्युत मोटर आट्यांचा दांडा फिरविते आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच मापाने जवळ येतात. मर्म येथेच आहे. दोहोंतील मेळ बिघडला तर घाईत पाय चुकीच्या पेडलवर पडतो. शिवाय ही पेडल मुख्यतः क्लच नसलेल्या गाड्यांची. आपल्या पिकअपला क्लच आहे. म्हणून हा बदल घरी करू नये. ब्रेकच्या पेडलला वेल्डिंग तर मुळीच नको.

मग उपाय काय? सीट पुढे घ्यावी, पाठीमागे गादी घट्ट बांधावी. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा. छाती स्टिअरिंगपासून सुमारे 10 इंच दूर असावी. तरीही भागत नसेल तर कंपनीच्या कार्यशाळेत विचारावे आणि आरटीओची मंजुरी घ्यावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

माल बुडाला तर पुन्हा कमावता येतो. रस्त्यावरच्या माणसाचा जीव मात्र आपल्याकडे अमानत आहे.