विजेला पिंप नसतं : सूर्य, वारा आणि ग्रीडची लवचिकता



सहावीच्या वर्गात ऊर्जेचे स्रोत शिकवत होते. फळ्यावर नेहमीप्रमाणे दोन रकाने काढले, पारंपरिक आणि अपारंपरिक. कोळसा इकडे, सूर्य-वारा तिकडे. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ऊन फुकट मिळतं, वारा फुकट मिळतो, मग कोळसा अजून जाळतात कशाला? सगळं सोलरच लावून टाकायचं ना!"

पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे : रात्री सूर्य नसतो. पण तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. म्हणून हा पाठ.

आधी आपल्या घरातलं उदाहरण घेऊया. काळाचौकीत, लालबागला, परळला चाळीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं. त्या वेळात आई, आजी, काकू सगळ्या उठून पिंप, कळशी, हंडे भरून ठेवतात. पाणी सकाळी येतं, पण आपण ते दिवसभर वापरतो. कशामुळे? पिंपामुळे. आता कल्पना करा की घरात एकही भांडं नाही. नळ चालू असेल तेवढ्याच वेळात आंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक सगळं उरकायचं. वर आणखी एक अट : नळातून जेवढं पाणी येतंय तेवढंच त्या क्षणी वापरलं गेलं पाहिजे, थेंब कमी नाही की जास्त नाही.

विजेचं नेमकं असंच आहे. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. या क्षणी तुमच्या घरातला पंखा फिरतोय ना, त्याची वीज याच क्षणी कुठेतरी तयार होते आहे. देशभरातली वीजकेंद्रं, मनोरे, तारा, उपकेंद्रं आणि आपण सगळे ग्राहक मिळून जे एकच प्रचंड जाळं तयार झालंय, त्याला ग्रीड म्हणतात. आणि हा हिशोब त्या जाळ्यात प्रत्येक सेकंदाला जुळवावा लागतो.

हिशोब जुळतोय की नाही हे कळतं कसं? ठेक्यावरून! गणपतीत ढोल-ताशा पथक बघितलंय ना? पन्नास ढोल असले तरी ठेका एक. आपल्या देशातली मोठमोठी जनित्रं अशीच एका ठेक्यात फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. यालाच ५० हर्ट्‌झ वारंवारता म्हणतात. लोकांनी जास्त वीज ओढली की जनित्रांवर ओझं पडतं, ती किंचित मंदावतात आणि ठेका ५० च्या खाली घसरतो. वापर कमी झाला की जनित्रं जोरात पळू लागतात. आपल्याकडे हा ठेका ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा असतो. म्हणजे चूक करायला किती जागा आहे बघा! महाराष्ट्रापुरतं हे लक्ष ठेवण्याचं काम ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चालतं. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणी किती वीज तयार करायची ते आधी ठरतं. (मुलांनो, दिवसात असे तुकडे किती? ९६. हे गणित वर्गात तोंडी घ्यावं.)

आता ऊन आणि वारा या जाळ्यात आणून बसवा. दुपारी बारा-एकला सौर वीज भरभरून येते. तेव्हा बाकीच्या केंद्रांना हात आखडता घ्यावा लागतो. संध्याकाळी सहा-सातला ती जवळजवळ शून्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात. म्हणजे एक गडी मैदान सोडतो आणि त्याच वेळी समोरचा संघ चढाईला येतो! ही तूट तास-दोन तासांत कोणीतरी भरून काढायची असते. कोळशाच्या केंद्राला ते झेपत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवून पुन्हा वीज काढायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी तो पूर्ण बंद न करता मंद आचेवर ठेवतात, आपण डाळ ठेवतो तसा. २०२३ च्या नियमांनुसार कोळशाच्या केंद्रांनी ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे, आणि पुढचं लक्ष्य ४० टक्क्यांचं आहे. जुन्या यंत्रांना हे सोपं नाही. तापणं-निवणं वारंवार झालं की धातू थकतो.

तर लवचिकता म्हणजे काय? पटकन कमी-जास्त होण्याची ताकद. ती वीज तयार करणाऱ्यात हवी, तारांत हवी, साठवणीत हवी आणि वापरणाऱ्यातसुद्धा हवी.

याची मोठी परीक्षा आपण सगळ्यांनी मिळून दिली आहे, पण आपल्या ते लक्षातच आलं नाही. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता. लॉकडाऊन होता. नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या, आठवतंय का? तुम्ही तेव्हा अगदी लहान होता, घरी विचारा. त्या थोड्या वेळात देशाची मागणी सुमारे १ लाख १७ हजार मेगावॅटवरून ८५ हजारांच्या आसपास आली. अंदाज केला होता त्याच्या दुपटीहून जास्त घट! मग लगेच सगळे दिवे परत लागले. तरी देश अंधारात गेला नाही. का? त्या दिवशी संध्याकाळी जलविद्युत केंद्रांनी पाणी राखून ठेवलं होतं. नऊच्या आधी त्यांना वर चढवलं आणि कोळशाच्या केंद्रांना खाली आणलं. नऊ वाजता पाण्याची केंद्रं झरझर खाली आणली, नंतर पुन्हा वर. झडप उघडली की काही मिनिटांत वीज, झडप बंद केली की बंद. पाण्याइतकं चपळ मोठं यंत्र आपल्याकडे दुसरं नाही.

आणि हे पाणी आपल्या भागाचं जुनं ओळखीचं आहे बरं का. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे गिरण्या होत्या हे तुम्हाला आजोबांनी सांगितलं असेल. त्या गिरण्या आधी कोळसा आणि वाफेवर चालायच्या. लोणावळ्याच्या डोंगरात पावसाचं पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज तयार करून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये सुरू झाली. पुढे १९२२ ला भिवपुरी आणि १९२७ ला भिरा. गिरणगावातले साचे सह्याद्रीतल्या पावसावर फिरले, असं म्हटलं तर चुकणार नाही.

भिऱ्याला तर आणखी एक गंमत आहे. तिथे १५० मेगावॅटचं असं एक यंत्र आहे जे दोन्ही बाजूंनी फिरतं. विजेची गरज असली की वरचं पाणी खाली आणून वीज देतं. वीज जास्त झाली की तेच यंत्र पंप होतं आणि खालचं पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावात चढवतं. याला उदंचन योजना म्हणतात. म्हणजेच विजेचं पिंप! अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटची अशीच सरकारी योजना आहे, एक धरण वर आणि एक खाली. यात नुकसान होतं, १०० युनिट घालून साधारण ७५ ते ८० परत मिळतात. पण दुपारी वाया जाणारं ऊन रात्री मिळत असेल तर हा सौदा वाईट नाही.

इथे मुलांकडून एक गणित करून घेतलं. ते सगळ्या शिक्षकांनी जरूर घ्यावं, कारण नुसतं वाचून हे पटत नाही. आपल्या इमारतीच्या गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, उंची १२ मीटर. ते पाणी खाली सोडून किती वीज मिळेल? वस्तुमान १००० किलो, गुणिले ९.८, गुणिले १२, म्हणजे १,१७,६०० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर उत्तर ०.०३ युनिटच्या थोडं वर. नऊ वॅटचा एक बल्ब साडेतीन तास! मुलं हिरमुसली. मग तीच टाकी घाटावर नेली, उंची ५०० मीटर धरली. आता उत्तर जवळजवळ १.३६ युनिट, तोच बल्ब दीडशे तास. (यंत्रातली घट दोन्हीकडे सोडून दिली आहे.) सगळे घाटाकडे का धावतात ते तेव्हा कळलं.

पण गणित संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या पणजोबांचं गाव कोयनेत गेलं." वर्ग शांत झाला. आमच्याकडे निम्मी मुलं सातारा, पाटण, जावळी, कोकणातली. हे सांगितल्याशिवाय पाठ पुढे नेणं मला बरोबर वाटलं नाही. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे आणि संध्याकाळची तूट भरायला महाराष्ट्र आजही तिच्याकडेच बघतो. तिच्यामुळे विस्थापित झालेल्यांचा पुनर्वसनाचा लढा मात्र अजून संपलेला नाही. आणि मुळशी? मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांची भातजमीन पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापट त्यांच्यासोबत सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालंच. आता भिवपुरीला १००० आणि शिरवता इथे १८०० मेगावॅटच्या नव्या उदंचन योजनांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार झाला आहे. या योजना जुन्या तलावांचा उपयोग करतात, त्यामुळे नव्याने फार जमीन बुडणार नाही असं दिसतं. तरी ज्यांच्या डोंगरात हे होणार त्यांना आधी विचारावं, एवढं मला शिक्षिका म्हणून वाटतं.

कोयनेच्या पाण्यालाही मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. म्हणून ते जपून, नेमक्या घटकेलाच वापरावं लागतं. याच पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. सह्याद्रीतला वारा पावसाळ्यात सर्वात जोरात असतो, म्हणजे ढगांमुळे सौर वीज घटते तेव्हा. निसर्गाने थोडी मदत केलीय म्हणायची.

तारांबद्दल थोडंसं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत बाकी देशाच्या ठेक्यात आला. जाळं जितकं मोठं तितकं बरं, कारण इथे ढग आले तरी कच्छमध्ये ऊन असू शकतं. पण मुंबईची अडचण वेगळी आहे. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाटाच मोजक्या. म्हणून १९८१ पासून मुंबईला एक सोय आहे : बाहेर बिघाड झाला तर शहराने जाळ्यापासून तुटून स्वतःच्या विजेवर बेटासारखं चालायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला, सकाळी दहाच्या सुमारास, बाहेरच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या. बेट झालं, पण आतली वीज आणि आतली मागणी यांचा मेळ बसला नाही आणि तेही कोसळलं. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी तेव्हा मोबाईलवर ऑनलाईन तास घेत होते. एकेक चौकोन काळा होत गेला आणि शेवटी मीच दिसेनाशी झाले! त्यानंतर २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग, वापरणारे आपण. सगळी धावपळ वीज करणाऱ्यांनीच का करायची? महाराष्ट्रात शेतीपंप हा मोठा ग्राहक. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळायची. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जायचं. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायचं ठरलं, आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा खूप मोठा केला आहे. पिकाला पाणी दुपारी मिळालं काय नि रात्री काय, फारसा फरक पडत नाही, पण ग्रीडला पडतो आणि शेतकऱ्याच्या जिवाला तर नक्कीच पडतो. मला ही योजना उदंचनापेक्षाही जास्त आवडते, कारण यात काही साठवावंच लागत नाही.

शहरात काय हलवता येईल हे बघायला वर्गाला उपक्रम दिला होता. एका रविवारी घरातली आणि इमारतीतली कुठली यंत्रं किती वाजता चालतात ते लिहा, आणि जे काम दुपारी केलं तरी चालेल त्याच्यापुढे सूर्य काढा. फ्रिज, पंखा, टीव्हीपुढे कोणीच सूर्य काढला नाही. वॉशिंग मशीन, इस्त्री आणि मोबाईलचं चार्जिंग यांच्यापुढे बऱ्याच जणांनी काढला. एका मुलाने इमारतीच्या पाण्याच्या पंपापुढे भला मोठा सूर्य काढला होता. तो रोज संध्याकाळी सातला चालतो, म्हणजे अगदी नको त्या वेळी. हा पठ्ठ्या तेवढ्यावर थांबला नाही, थेट सेक्रेटरी काकांकडे गेला आणि पंप दुपारी एकला लावा म्हणाला. काका म्हणाले, "अरे, पालिकेचं पाणी येतं संध्याकाळी. खालची टाकी छोटी आहे, लगेच वर चढवलं नाही तर भरून वाहते. दुपारी खाली पाणी असतंच कुठे?"

मुलगा वर्गात येऊन म्हणाला, "बाई, आमचं पण पिंपच लहान आहे." आता तो खालच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजून आणणार आहे. घनफळाचा पाठ पुढच्या आठवड्यात आहेच.