करंगळीची साक्ष

सायबेरियाच्या दक्षिणेस आल्ताय नावाचा पर्वत आहे. तेथील डेनिसोव्हा गुहेत इ. स. २००८ मध्ये उत्खनन करताना रशियन संशोधकांना हाडाचा एक चिमुकला तुकडा सापडला. ते मानवी करंगळीचे टोक होते. प्राचीन मानवाची ओळख पूर्वी कवटी, जबडा व दात यांच्या आकारावरून पटवीत असत. एवढ्याशा तुकड्यावरून काय कळणार? परंतु गुहेतील थंडीने त्यात एक मोलाची ठेव जपून ठेवली होती.

मुलांनो, आपल्या शरीरातील पेशींत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. आईबापांकडून मुलांकडे येणारी ती जणू कुळाची पोथीच होय. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर बदलावे, तसेच येथेही क्वचित घडते. दोन पोथ्यांत जितके फरक अधिक, तितकी त्यांची ताटातूट जुनी.

जर्मनीतील लाइपझिग येथे स्वान्ते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हाडाची चिमूटभर पूड घेऊन ही पोथी वाचावयास घेतली. काम मोठे नाजूक! संशोधकाचा नुसता स्पर्श झाला, तरी त्याचाच डीएनए त्यात मिसळावयाचा. म्हणून अंग झाकून, निर्मळ खोलीत हे काम चाले.

इ. स. २०१० मध्ये उत्तर मिळाले. केवळ आईकडून येणाऱ्या डीएनएत निअँडर्थल मानव व आपण यांच्यात सरासरी २०२ ठिकाणी फरक आहेत. या हाडात मात्र ते ३८५ निघाले! हा मानव कोणी तिसराच होता. त्याला ‘डेनिसोव्हन’ हे नाव मिळाले. पुढे सर्व डीएनए वाचल्यावर कळले की, ती करंगळी एका मुलीची होती आणि तिचे कुळ निअँडर्थलांचे भाऊबंद होते. पेबो यांना इ. स. २०२२ चे नोबेल पारितोषिक लाभले.

या मानवांना स्वतंत्र जाती म्हणावे काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; कारण ही कुळे एकमेकांत मिसळली होती. याच गुहेतील दुसऱ्या एका मुलीची आई निअँडर्थल व वडील डेनिसोव्हन होते, हे इ. स. २०१८ मध्ये सिद्ध झाले. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत डेनिसोव्हनांचा अंश आजही आहे. ते कुळ लोपले. पण त्याची काही अक्षरे जिवंत माणसांच्या रक्तात अजून टिकून आहेत.