जुन्या मालमोटारीच्या पत्र्याचे सांधे व गंज

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथें लोखंड फारसें गंजत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. उघड्या पत्र्यापुरती ती बरीचशी खरी आहे. पत्र्याच्या सांध्यांस मात्र ती लागू पडत नाहीं. दहिवडी-म्हसवडकडे टंचाईच्या सालीं मालमोटारींवर टाक्या बसवून पाणी वाहतात. एरव्हीं मालमोटारींतून मेंढरें, कांदा व खत जातें. पाण्याचे शिंतोडे, मेंढरांचें मूत्र व खताची भुकटी सांध्यांत शिरते आणि पाऊस न पडतांही गंज चढतो.

याचें कारण असें. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडले म्हणजे मध्यें केसाएवढी फट राहते. वातींत तेल चढावें त्याप्रमाणें तींत पाणी ओढलें जातें. बाहेरचा पत्रा घटकाभरांत वाळतो. आंतील ओल दिवसच्या दिवस टिकते. शिवाय फटीच्या तोंडाशीं प्राणवायु भरपूर व आंत थोडा, या फरकामुळें सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन आंतील लोखंड झिजतें. क्षारांनीं ही क्रिया वाढते. गंजास मूळ लोखंडाहून अधिक जागा लागत असल्यानें तो पत्रे फांकवितो व पाण्यास नवी वाट करून देतो. म्हणून रंगावर फोड दिसला, कीं आंतील नुकसान पूर्वींच झालें आहे असें समजावें.

जमशेदपूर येथें टाटा कंपनीनें 1954 सालीं डेम्लर-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. आपल्याकडे पुढें पुष्कळ वर्षें नुसती चासी घेऊन तीवर लाकडी सांगाडा व पत्रा ठोकून केबिन बांधण्याची चाल होती. अशा केबिनींत लाकूड ओल धरून ठेवतें; तेव्हां लाकडाला टेकलेला पत्रा विशेष तपासावा.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा :

1. बॅटरीच्या तारा सोडाव्या व डिझेलची टाकी काढून दूर ठेवावी. केबिनचा तळ, पायरी व मडगार्डचे सांधे पेचकसानें टोंचून पाहावे.

2. कुजलेला पत्रा निरोगी धातु लागेपर्यंत कापावा. क्षार जाण्यासाठीं स्वच्छ पाण्यानें धुऊन पूर्ण वाळवावें. मग तारेच्या ब्रशानें चकचकीत करावें.

3. जोडावयाच्या दोन्ही पृष्ठांस वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर आधींच लावावा, कारण जोडल्यावर तेथें ब्रश पोंचत नाहीं. वेल्डिंग मोकळ्या हवेंत करावें. जस्ताचा धूर अपायकारक असतो.

4. वेल्डिंग झाल्यावर मळी काढून एपॉक्सी प्रायमर द्यावा. तो वाळल्यावर पॉलियुरेथेनचा सीलर सांध्यांत दाबून भरावा. हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. रंग त्यानंतर द्यावा. वेल्डिंगपूर्वीं सीलर भरल्यास तो उष्णतेनें जळतो.

5. पोकळ भागांत मेणाचें द्रावण फवारावें. तळाचीं पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मात्र कधींही बुजवूं नयेत. तीं बुजविल्यास आंत शिरलेलें पाणी कोंडलें जातें.

गंजावर लांबी भरून वरून रंग देणें ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. लांबी ओल शोषते आणि खालीं गंज वाढतच राहतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकोनही वापरूं नये. त्यांतून सुटणारें आम्ल लोखंडास खातें व त्यावर रंगही धरत नाहीं.

आणखी एक सूचना. पूर्वीं लोखंडास जवसाच्या तेलांत खललेल्या शेंदराचा थर देत. शेंदूर हें शिशाचें संयुग असून विषारी आहे. जुना रंग कोरडा घांसूं नये. तो भिजवून, तोंडास योग्य मुखपट्टी बांधून काढावा. जनावरांस असला रंग चाटण्याची संवय असते व त्यापासून तीं मरतात. म्हणून हें काम गोठ्यापासून दूर करावें आणि पडलेले पापुद्रे गोळा करावे, उकिरड्यावर टाकूं नयेत.

काम पुरें झाल्यावर खताची अगर मेंढरांची प्रत्येक खेप संपतांच गाडी धुवावी, आणि दर वर्षीं मृगापूर्वीं सांधे पाहून जेथें सीलर सुटला असेल तेथें तो काढून नवा भरावा. चाकोरी एवढी पाळली, तर पत्रा पुन्हां कापण्याची पाळी सहसा येणार नाहीं.