पट्टा हातात, तर रान आपलं

पोरांनो, नोकरीच्या निमित्ताने स्कॉटलंडात आलात, घर थाटलंत, कुत्राही आणलात. आता ऑक्टोबरात सोफ्यावर बसून राहू नका. या दिवसांत पर्थशरमधले बर्च आणि लार्च पिवळेधमक होतात, डोंगरउतारावरचे नेचे तांबूस पडतात, आणि उन्हाळाभर चावून जीव नकोसा करणारे मिजेस गायब होतात. हवा गार असल्याने कुत्राही धापा टाकत नाही. माझे केस इथेच पिकले, म्हणून चार गोष्टी सांगते. पटल्या तर घ्या.

वाट मोकळी आहे, पण अटीवर

स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने इथल्या बहुतेक रानावनात, डोंगरांवर आणि तळ्याकाठी कुणालाही हिंडायचा हक्क दिला आहे. जमीन खासगी असली तरीही. आपल्याकडे कुणाच्या शेतात शिरलं की आधी ‘कोण रे तिकडे?’ ऐकू येतं, तसं इथे होत नाही. मात्र हा हक्क जबाबदारीने वागणाऱ्याचा आहे, आणि कुत्रा सोबत असेल तर तो ताब्यात हवा. ताब्यात म्हणजे आखूड पट्ट्यावर किंवा हाक मारताक्षणी पायाशी येणारा. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य इथल्या शेतकऱ्याने हजारदा ऐकलेलं असतं. त्याला ते ऐकवू नका.

मेंढ्या दिसल्या की पट्टा

नोव्हेंबरच्या सुमारास मेंढे कळपात सोडतात आणि हिवाळाभर मेंढ्या गाभण असतात. कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. नुसता मागे लागला तरी घाबरलेली मेंढी गाभ टाकते. 2021 पासून कायदा कडक झाला आहे. गुराढोरांच्या मागे कुत्रा लागला तर मालकाला 40,000 पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि कळप वाचवायला दुसरा उपाय उरला नसेल, तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. म्हणून कळप दूर दिसला तरी आधी पट्टा अडकवा, मग फोटो काढा.

गायींचं वेगळं आहे. वासरं असलेल्या कुरणात कुत्रा नेऊच नका, वळसा घाला. तरीही कधी गायी अंगावर धावून आल्याच, तर पट्टा सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तुमच्यावर नाही. कुत्रा पळून सुटतो. त्याला छातीशी धरून उभा राहिलेला माणूस मात्र तुडवला जातो. पट्टा सोडायचा असा हा एकच प्रसंग, तो लक्षात ठेवा.

पिशवी झाडाला टांगू नका

कुत्र्याची घाण उचलायची, हे तुम्हाला शहरात कळलं असेलच. कुरणात ते जास्त महत्त्वाचं. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतावर जातो आणि त्यामुळे गायी गाभडतात. म्हणजे तुमचा आळस शेतकऱ्याच्या वासरावर बेततो. पिशवी बांधून ‘येताना नेऊ’ म्हणत फांदीला अडकवणारे बरेच असतात. येताना ती कुणालाच दिसत नाही. एक झाकणाचा डबा पाठपिशवीत ठेवा, वासाची कटकट मिटते.

हरणांच्या दिवसांत

सप्टेंबरअखेरपासून रेड डिअरचे नर माजावर येतात. दरीतून येणारा तो घोगरा, लांबलचक आवाज पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल. ऐका, पण जवळ जाऊ नका आणि कुत्र्याला तर मुळीच जाऊ देऊ नका. याच काळात डोंगरांवर हरणांची शिकारही चालते. वाटेच्या तोंडाशी कुठल्या दिवशी कुठे जाऊ नये याची पाटी असते, ती वाचा. रविवारी सहसा ही शिकार होत नाही, त्यामुळे उंच डोंगर रविवारी गाठावा. 1 ऑक्टोबरपासून फेझंट पक्ष्यांची शिकार सुरू होते. बंदुकीच्या बाराने बुजरा कुत्रा सैरावैरा पळतो. गळपट्ट्यावर नाव-पत्ता हवाच, आणि चिपच्या नोंदीत तुमचा सध्याचा फोन नंबर आहे ना, तेही पाहा.

उजेडाचा हिशेब

आपल्याकडे वर्षभर संध्याकाळ सहा-सातच्या आसपास होते, त्यामुळे उजेडाचा हिशेब ठेवायची सवय मुरायला वेळ लागतो. एडिंबरात ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातला मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं की पावणेपाचला, आणि नोव्हेंबर सरताना पावणेचारला. जेवून निघू म्हणालात तर अंधारातच परताल. सकाळी निघा. डोक्याला लावायचा दिवा तुमच्याकडे आणि चमकणारा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असू द्या. पाऊस झाल्यावर ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. जाताना ओलांडलेला ओढा येताना ओलांडता येईलच असं नाही. पाण्यात कुत्रा वाहून गेला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. काठाने पुढे जा आणि हाक मारत राहा. डोंगरात अडकलात तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा.

तोंड सांभाळा

कुत्र्याचं तोंड, असं म्हणते आहे मी. ओकची फळं, हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी बिया आणि रानातल्या अळंब्या या दिवसांत जमिनीवर मुबलक असतात, आणि कुत्र्याच्या पोटाला त्या बाधतात. बर्चच्या बुंध्याशी लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली देखणी अळंबी उगवते, ती विषारी आहे. तळ्याकाठी हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर कुत्र्याला पाण्यात सोडू नका. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषावर उतारा नाही, आणि अंग चाटतानाही ते पोटात जातं.

आता आपल्या घरचं. दिवाळी याच दिवसांत येते आणि फराळाचा डबा फिरायला जातोच. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. थालीपीठातला कांदा-लसूणही त्याला चालत नाही. चॉकलेटचंही तेच. तुमच्या फराळाच्या डब्याला घट्ट झाकण हवं, त्याचा खाऊ वेगळा.

कुठे जाल?

गाडी नसली तरी अडत नाही. स्कॉटरेलच्या गाडीत माणशी दोन कुत्रे फुकट नेता येतात. डंकेल्ड अँड बर्नम स्टेशनला उतरा आणि चालत हर्मिटेजला जा. उंचच उंच डग्लस फर, खाली ब्रान नदी, आणि धबधब्यापाशी 1757 साली बांधलेला ओशन्स हॉल. ऑक्टोबरात नशीब असेल तर धबधब्याशी उड्या मारणारे सॅल्मन मासे दिसतात. तिथे खडक निसरडे असतात, कुत्रा पट्ट्यावरच असू द्या.

एव्हीमोरजवळचं लॉख अन एलन हे तळं लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना उत्तम. सपाट वाट, जुने पाइन आणि बेटावरचा पडका किल्ला. लॉख लीव्हनला तळ्याभोवती 21 किलोमीटरची वाट आहे, सगळी एका दिवसात चालायची सक्ती नाही. शरदात आइसलँडहून गुलाबी पायांचे हंस हजारोंनी तिथे उतरतात. दमून आलेल्या त्या पाखरांना कुत्र्याने उठवलं, तर त्यांच्या विश्रांतीचं वाटोळं होतं.

घरी आल्यावर

आधी कुत्र्याला कोरडं पुसा, मग चहा टाका. थंडी पडली की गोचिडी संपल्या, असं समजू नका. शरदातही त्या नेच्यांत आणि गवतात टपून असतात. कानामागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून पाहा. सापडली तर गोचीड काढायच्या आकड्याने कातडीलगत पकडून, फिरवत काढा. तेल लावणं, चटका देणं असले उपाय नकोत. आणि स्वतःचे पायही तपासा, कारण लाइमचा आजार माणसालाही होतो.

एवढंच लक्षात ठेवा की तुम्ही ज्याला रान म्हणता, ते कुणाचं तरी शेत आहे आणि कुणाचं तरी घर आहे. तुमच्या मागून उद्या दुसरा कुत्रेवाला त्याच वाटेने येणार आहे, आणि शेतकरी त्याच्याशी कसा बोलेल हे आज तुम्ही कसे वागलात यावर ठरेल. फाटक जसं होतं तसंच लावा, समोर येणाऱ्याला नमस्कार-चमत्कार करा, आणि या शनिवारी सकाळीच निघा.