डिस्नेलँडचें तिकीट

वस्तूचा भाव चढला म्हणजे तिची मागणी उतरते, हा अर्थशास्त्राचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो. परंतु मागणी किती उतरते, कोणाची उतरते, आणि ज्यांची उतरत नाहीं ते लोक भाव चढल्यावर काय करतात, हें नियमाच्या एका ओळींत सांपडत नाहीं. तें पाहावयाचें तर एखादें खरें उदाहरण हातीं धरून त्याचा मागोवा घेतला पाहिजे. असें एक उदाहरण आम्हीं मुद्दाम निवडलें आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील अॅनाहाइम शहरीं डिस्नेलँड नांवाचें प्रसिद्ध उद्यान १९५५ सालापासून आहे. इतक्या काळांत तेथील तिकीट महागलें ह्यांत नवल नाहीं. पण पैसे घेण्याची रीतही वेळोवेळीं बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर उद्यानांत येणाऱ्या मंडळींची वागणूकही बदलली. खोपोलीजवळचें इमॅजिका ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस अशा उद्यानाची कल्पना सहज येईल. इतरांनीं मोठ्या जत्रेंतील पाळणे, चक्रें व देखावे एकाच कुंपणांत कायमचे मांडले असून ते एखाद्या कथेच्या धाग्यानें गुंफलेले आहेत, असें मनांत आणावें.

वॉल्ट डिस्ने हे व्यंगचित्रपट काढणारे गृहस्थ. आपल्या दोन मुलींस फिरत्या घोड्यांवर बसवून आपण मात्र बाकावर नुसतें बसून राहावयाचें, हें त्यांस बरें वाटेना. आईबापांस व मुलांस एकत्र मौज करतां येईल असें एखादें ठिकाण असावें, ही कल्पना तेथेंच सुचली असें ते सांगत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण 'आईबाप आणि मुलें एकत्र' हेंच गिऱ्हाईक आपणांस ह्या लेखांत वारंवार भेटणार आहे. संत्र्यांच्या बागा होत्या त्या जागेवर १७ जुलै १९५५ रोजीं उद्यान उघडलें. पहिला दिवस केवळ निमंत्रितांचा होता. पण खोटीं निमंत्रणपत्रें तयार करून हजारों लोक आंत शिरले. तिकिटांची विक्री सुरू होण्यापूर्वींच त्यांची नक्कल सुरू झाली म्हणावयाची!

आरंभीं मोठ्या माणसास दारावर एक डॉलर पडे, आणि आंत गेल्यावर प्रत्येक पाळण्याचे पैसे निराळे द्यावे लागत. आपल्याकडील जत्रेची रीत हीच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत उद्यानानें कुपनांचीं पुस्तकें काढलीं. अडीच डॉलरांत प्रवेश आणि आठ कुपनें मिळत. कुपनांच्या प्रती लावलेल्या होत्या : 'ए' कुपन लहानसहान खेळांचें, 'बी' त्याहून बऱ्याचें, 'सी' त्याहून चांगल्याचें. पुढें १९५६ सालीं 'डी' व १९५९ सालीं 'ई' अशी आणखी भर पडली. 'ई' कुपन सर्वांत मोठ्या खेळाचें. त्याची इतकी ख्याति झाली कीं तें नांव बोलीभाषेंतच रुळलें. १९८३ सालीं सॅली राइड ह्या अंतराळांत गेल्या, तेव्हां अग्निबाणाच्या उड्डाणाचा अनुभव सांगतांना त्यांनींही 'ई' तिकिटाचीच उपमा दिली.

कुपनांमुळें लोकांस एक शिस्त लागली. हातांत मोजकीं 'ई' कुपनें असल्यावर तीं कोठें खर्चावयाचीं ह्याचा घरींच विचार होई. मुलांत वाद होत. आणि 'ई' संपल्यावर मंडळी नाइलाजानें 'ए' व 'बी' च्या लहान खेळांकडे वळत. त्यामुळें गर्दी आपोआप सगळ्या उद्यानांत पांगे. 'ए' कुपनें तरी उरतच, आणि पुढच्या खेपेस उपयोगीं पडतील म्हणून कपाटाच्या खणांत जपून ठेवलीं जात.

ह्या कुपनांवर एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञानें निबंध लिहिला आहे. वॉल्टर ओई हे जपानी वंशाचे अमेरिकन पंडित. ते अंध होते. १९७१ सालच्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यांत डिस्नेलँड आणि मिकी माउस हीं दोन्हीं नांवें आहेत. त्यांचा प्रश्न ऐकावयास सोपा आहे : उद्यानाच्या मालकानें पैसे दारावर घ्यावे कीं पाळण्यावर? आम्ही तो आमच्या आंकड्यांनीं मांडतों. समजा, पाळण्याची एक फेरी फिरविण्यास मालकास दहा सेंट खर्च येतो आणि तो साठ सेंट आकारतो. ज्या मुलास त्या फेरीचें मोल चाळीस सेंट वाटतें तें मूल बसणार नाहीं. वास्तविक तें बसलें असतें तर त्याला आनंद झाला असता, आणि खर्च निघून मालकाच्या हातींही कांहीं उरलें असतें. दोघांचेंही नुकसान झालें. तेव्हां पाळण्याचा दर खर्चाइतकाच ठेवावा आणि नफा दारावर एकदम घ्यावा, हें शहाणपणाचें. पण येथेंच पेंच पडतो. दारावरची रक्कम मोठी झाली म्हणजे ज्या कुटुंबास दोनचारच खेळ खेळावयाचे आहेत तें आंत येणारच नाहीं, दारावरूनच परतेल. सर्व गिऱ्हाइकें एकसारखीं असतीं तर उत्तर सरळ होतें. तीं तशीं नसतात, म्हणून थोडें दारावर व थोडें पाळण्यावर असा मध्यम मार्ग काढावा लागतो.

डिस्नेलँडनें मात्र १९८२ सालीं मध्यम मार्ग सोडला. कुपनें बंद झालीं; बारा डॉलरांचें एकच तिकीट, आणि आंत हवे तितके खेळ खेळावे. लोकांस हें अर्थातच आवडलें. परंतु पुढच्या फेरीस पैसे पडत नाहींत म्हटल्यावर 'ए' प्रतीच्या खेळाकडे कोण जाणार? सगळी गर्दी उत्तम खेळांवर लोटली आणि रांगा लांबल्या. किंमत नाहींशी झाली नव्हती. ती पैशांऐवजीं तासांत द्यावी लागत होती. पहांटेपासून फाटकावर तिष्ठणारीं आणि फाटक उघडतांच मोठ्या खेळाकडे धांव घेणारीं कुटुंबें हा ह्या रीतीचा परिणाम होय. त्यावर उपाय म्हणून १९९९ सालीं वेळ नेमून देणारी फुकट चिठ्ठी सुरू झाली. तिचें नांव 'फास्टपास'. २०१७ सालीं तिचाच एक प्रकार पैसे देऊन घेतां येऊं लागला, आणि २०२१ सालीं फुकट प्रकार अजिबात गेला. म्हणजे पाळण्यावरचे पैसे मागील दारानें परत आले. दारावरचे मात्र कमी झाले नाहींत. ओईंनीं मांडलेल्या दोन मार्गांपैकीं एक निवडावयाचें सोडून मालकानें दोन्ही निवडले, असा ह्याचा अर्थ आम्हांस दिसतो.

आतां भाववाढीचें माप घेऊं. नुसते डॉलर मोजून कांहीं कळत नाहीं, कारण डॉलरचेंच मोल घटत आलें आहे. मजुराच्या तासांत मोजणें अधिक बरें. १९५५ सालीं किमान मजुरी तासास ७५ सेंट होती; म्हणजे अडीच डॉलरांच्या पुस्तकास ३ तास २० मिनिटांचें काम लागे. १९८२ सालीं मजुरी ३.३५ डॉलर आणि तिकीट १२ डॉलर; काम ३ तास ३५ मिनिटें. सत्तावीस वर्षांत जवळजवळ फरकच पडला नाहीं. आतां २०२४ साल घ्या. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील किमान मजुरी १६ डॉलर होती. ऑक्टोबरांत एका दिवसाचें सर्वांत स्वस्त तिकीट १०४ डॉलर, म्हणजे साडेसहा तास. आणि सर्वांत महाग २०६ डॉलर, म्हणजे तेरा तासांस थोडींच मिनिटें कमी. सबंध देशाची किमान मजुरी त्या वेळीं ७.२५ डॉलरच होती. ती धरली तर महाग तिकिटास २८ तास भरतात. अर्थात् १९५५ च्या पुस्तकांत आठच खेळ होते आणि उद्यानही आजच्या मानानें लहान होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तरीही एका दिवसाच्या मौजेस पूर्वीं अर्ध्या दिवसाहून कमी मजुरी पुरे, आतां महाग दिवशीं सुमारें दीड दिवसाची लागते, एवढें खरें.

मग लोकांनीं जाणें सोडलें काय? नाहीं. कंपनी माणसांचा आंकडा प्रसिद्ध करीत नाहीं. पण त्या धंद्यांतील जाणकारांच्या अंदाजाप्रमाणें २०११ सालीं सुमारें १ कोटी ६१ लक्ष आणि २०१९ सालीं सुमारें १ कोटी ८६ लक्ष लोक आले. ह्या आठ वर्षांत तिकीट ८० डॉलरांवरून १०४ ते १४९ पर्यंत चढलें होतें. पुस्तकांतला नियम खोटा ठरला असें मात्र कोणीं समजूं नये. भाव वाढत असतां लोकांची मिळकत, देशाची वस्ती आणि उद्यानांतील खेळ ह्यांतही वाढ होत होती. शिवाय जो मनुष्य विमानानें येऊन चार रात्री खाणावळींत राहतो, त्याच्या एकूण खर्चांत तिकिटाचा वांटा लहान असतो. वीस डॉलर वाढले म्हणून तो प्रवास मोडीत नाहीं. आणि मुलाचें सातवें वर्ष पुढच्या सालीं ढकलतां येत नाहीं, हें प्रत्येक आईबापास ठाऊक असतें. ज्या वस्तूस दुसरी वस्तू पर्याय नाहीं आणि जी पुढें ढकलतां येत नाहीं, तिची मागणी ताठ असते. अर्थशास्त्राच्या भाषेंत तिला लवचिकता कमी.

जवळ राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठीं वर्षाचा पास असे, आणि त्याचे पैसे महिन्याच्या हप्त्यांनीं देतां येत. एकदां पास घेतला कीं पुढच्या खेपेस कांहीं पडत नाहीं. मग लोक सायंकाळीं कामावरून सुटल्यावर तासभरासाठींही येत. पण तेच लोक गर्दी होणार असें दिसतांच घरीं बसूं शकत. २०१९ च्या उन्हाळ्यांत ह्याचा प्रत्यय आला. मे महिन्याच्या अखेरीस उद्यानांत एक फार मोठा नवा विभाग उघडला. त्यापूर्वीं जानेवारींतच दर चढविले होते. लोटालोट होईल अशी सर्वांची अटकळ. आणि त्या अटकळीमुळेंच पुष्कळजण आले नाहींत. एप्रिल ते जून ह्या तिमाहींत कंपनीच्या अमेरिकेंतील उद्यानांत येणाऱ्यांची संख्या शेंकडा तीनांनीं घटली. मात्र जे आले त्यांचा दर माणशीं खर्च शेंकडा दहांनीं वाढला.

आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा बदल २०१६ सालचा. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत एकच दर जाऊन दिवसागणिक दर आले : मंद दिवसास ९५ डॉलर, मध्यम दिवसास १०५ आणि गर्दीच्या दिवसास ११९. पुढें पायऱ्या वाढत गेल्या. ह्यामागील हेतु वाईट नाहीं. ज्याला सवड आहे त्यानें मंद दिवशीं यावें, म्हणजे त्याचे पैसे वांचतील आणि सुटीच्या दिवशींची दाटी कमी होईल. सवड असलेल्यांनीं तसें केलेंही. पण सवड कोणाला असते? निवृत्त मनुष्यास असते, मुलें नसलेल्या जोडप्यास असते. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या आईबापांस नसते. त्यांची सुटी शाळा ठरविते, आणि नाताळाचा आठवडा किंवा वसंतांतील सुटी हेच नेमके सर्वांत महाग दिवस. दहा वर्षांवरील दोन मुलें व आईबाप असें चौघांचें कुटुंब घ्या. २०२४ च्या दरानें स्वस्त दिवशीं ४१६ डॉलर, महाग दिवशीं ८२४. मधले ४०८ डॉलर हा शाळेच्या वेळापत्रकाचा दंडच म्हणावा लागेल. सोळा डॉलरांच्या मजुरीनें तो साडेपंचवीस तासांचा होतो. मग कित्येक पालक मुलांस शाळा चुकवून नेतात, आणि त्यांस दोष देणें आम्हांस कठीण वाटतें. ज्या कुटुंबासाठीं बाकावर बसून उद्यानाची कल्पना झाली होती, त्यालाच नवीन रीत सर्वांत जड जाते. कंपनीस ह्याची जाणीव नाहीं असें नाहीं. २०२४ च्या जानेवारीपासून १० मार्चपर्यंत तीन ते नऊ वर्षांच्या मुलांस ५० डॉलरांत प्रवेश दिला होता. पण तीही सवलत शाळा चालू असतांनाच्या मंद हंगामांतली.

बाकीचे उपाय लोक आपापल्या परीनें काढतात. उद्यानांत घरचें खाणें नेण्यास बंदी नाहीं. म्हणून डबे येतात, पाण्याच्या बाटल्या येतात, आणि मुलांस खेळणें घेऊन देण्याचें वचन मोटारींतच मोडून टाकलें जातें. दोन दिवसांचा बेत एका दिवसावर येतो. दरवर्षीं जाणारे तीन वर्षांनीं जातात, आणि गेल्यावर पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत थांबून पैसे वसूल करूं पाहतात. त्यांत लहान मुलांचे हाल होतात ते निराळेच.

२०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें उद्यान बंद झालें तें ३० एप्रिल २०२१ रोजीं उघडलें, आणि तेव्हां तिकिटाबरोबर दिवसाची आगाऊ नोंदणीही सक्तीची झाली. जाणकारांच्या अंदाजानें २०२३ सालीं सुमारें १ कोटी ७२ लक्ष लोक आले, म्हणजे २०१९ पेक्षां कमी. त्यांतले न आलेले कोण, त्यांस दर परवडला नाहीं कीं नोंदणीचा त्रास नको झाला, हें ह्या आंकड्यावरून ओळखतां येत नाहीं; फाटकावर मोजणी होते ती आंत गेलेल्यांची. २०२५ च्या ऑक्टोबरांत वरचा दर २२४ डॉलर झाला. खालचा १०४ डॉलरांचा दर २०१९ पासून होता तोच ठेवला, पण त्या दराचे दिवस थोडे, आणि ते बहुतेक शाळा भरलेली असतांनाचे.