गावातील इमारती आणि विजेच्या वापराची वेळ

धान्य कणगीत साठविता येते, चारा गंजीत रचून ठेवता येतो. विजेचे तसे नाही. ती बहुतांशी निर्माण होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. निर्मिती व वापर यांचा मेळ राहिला म्हणजे वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास स्थिर राहते. मागणी वाढून पुरवठा अपुरा पडला की ती घसरते, आणि वेळीच उपाय न झाल्यास काही भाग अंधारात ठेवावा लागतो.

सौर विजेची निर्मिती दुपारी सर्वाधिक होते व सूर्यास्ताबरोबर थांबते. दिवेलागणीस तर घरोघरी मागणी वाढते. म्हणून जी कामे पुढेमागे करता येतील ती दुपारी उरकणे, हा यावरील सोपा उपाय होय. वेळेवार नोंद ठेवणारे मीटर व संदेशवहनाची साधने यांच्या साहाय्याने असा मेळ घालणाऱ्या जाळ्यास ‘स्मार्ट ग्रिड’ म्हणतात.

कोणती कामे वेळ बदलून करावीत?

१) पाण्याची टाकी : १०,००० लिटर पाणी १५ मीटर उंच चढविण्यास, पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरल्यास, सुमारे ०.८ युनिट वीज लागते. टाकी दुपारी भरून ठेवली म्हणजे संध्याकाळी मोटार चालविण्याचे कारण उरत नाही.

२) दूध संकलन केंद्र : दूध थंड करण्याचे काम कदापि लांबवू नये, त्यात दूध नासून उत्पादकाचे नुकसान होते. मात्र बर्फ साठविणारे शीतयंत्र असल्यास बर्फ दुपारीच तयार करता येतो. ५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंश सेल्सिअसपर्यंत आणण्यास सुमारे १८५ किलो बर्फ वितळावा लागतो. वाया जाणारी थंडी लक्षात घेऊन साठा थोडा अधिक ठेवावा.

३) वसतिगृह व घर : १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.७ युनिट लागते. उष्णतारोधक आवरण असलेल्या टाकीत ते दुपारी तापवून ठेवता येते.

दवाखान्यातील लसींचे शीतकपाट व रात्रीचे दिवे यांना हा नियम लावू नये.

दराचा लाभ

केंद्र सरकारच्या २०२३ च्या दुरुस्ती नियमांत सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे म्हटले आहे. शेतीपंपांचा त्यात समावेश नाही. प्रत्यक्ष दर व तास राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून ग्राहकाने आपले बिल पाहून खात्री करून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रथम ग्रामपंचायत, शाळा व दूध संस्था यांतील उपकरणांची यादी करून ‘थांबू शकणारी’ व ‘न थांबणारी’ असे दोन भाग पाडावेत. आठवडाभर सकाळी, दुपारी व रात्री मीटरची नोंद घ्यावी. नंतर वेळ बदलून पुन्हा आठवडाभर नोंद घ्यावी व दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे मांडावेत. सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू केल्यास रोहित्रावर ताण येतो. यास्तव त्या काही मिनिटांच्या अंतराने सुरू कराव्यात.

अशा रीतीने भरलेली टाकी व साठविलेला बर्फ हीच गावाची विजेची कणगी ठरते.