बिंदूंपासून भूपृष्ठापर्यंत : लिडार सर्वेक्षणातील त्रिकोणांचे जाळे

दिल्ली–वाराणसी या प्रस्तावित अतिवेगवान रेल्वेमार्गासाठी १० जानेवारी २०२१ रोजी ग्रेटर नोएडा येथून हवाई लिडार सर्वेक्षणास प्रारंभ झाला. हेलिकॉप्टरवर बसविलेल्या यंत्रणेने मार्गाच्या दोन्ही बाजूंची भूमी टिपण्यास सुरुवात केली. तत्पूर्वी मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर हेच तंत्र वापरले गेले होते. पारंपरिक पद्धतीने दहा ते बारा महिने लागणारे काम तेथे बारा आठवड्यांत पूर्ण झाले. वेगाची ही बाजू परीक्षार्थींना बहुधा ठाऊक असते. हेलिकॉप्टर उतरल्यानंतर हाती आलेल्या बिंदूंपासून भूपृष्ठ कसे घडविले जाते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

लिडारमध्ये लेसर प्रकाशाचा स्पंद जमिनीकडे सोडला जातो आणि तो परावर्तित होऊन येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतो. हा प्रवास जाण्यायेण्याचा असल्याने कालमापनातील एका नॅनोसेकंदाची चूक अंतरात सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक पाडते. या अंतराला हेलिकॉप्टरचे उपग्रहांद्वारे निश्चित केलेले स्थान आणि त्याचा कल यांची जोड दिली की प्रत्येक परावर्तनाचे तीन निर्देशांक मिळतात. अशा कोट्यवधी बिंदूंच्या संचास ‘पॉइंट क्लाउड’ अर्थात बिंदूमेघ म्हणतात.

बिंदूमेघात पृष्ठभाग नसतो, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कोणता बिंदू कोणाचा शेजारी आहे, कोणता जमिनीचा आणि कोणता झाडाच्या शेंड्याचा, हे त्यात नोंदलेले नसते. म्हणून प्रथम वर्गीकरण करावे लागते. एका स्पंदाची अनेक परावर्तने मिळू शकतात व त्यांतील शेवटचे जमिनीवरून आले असण्याची शक्यता अधिक असते. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. दिल्लीच्या रिजवर विलायती किकराची दाट झाडी आहे. अशा झाडीत अनेक स्पंद जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत आणि शेवटचे परावर्तनही फांदीचेच असू शकते.

जमिनीचे बिंदू वेगळे केल्यावर ते त्रिकोणांनी जोडले जातात. यासाठी रशियन गणितज्ञ बोरिस डेलॉने यांनी १९३४ मध्ये मांडलेला निकष सर्वाधिक प्रचलित आहे. कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये, असा हा निकष आहे. त्यामुळे अनावश्यक अरुंद, सुईसारखे त्रिकोण टळतात. तथापि भूपृष्ठाच्या कामात हा निकष केवळ नकाशावरील स्थान पाहतो, उंची पाहत नाही. समजा, चौरसाच्या चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरचे दोन बिंदू बांधाच्या माथ्यावर, २०८ मीटर उंचीवर आहेत आणि उरलेले दोन पायथ्याशी, २०४ मीटरवर. माथ्याचे बिंदू जोडणारा कर्ण घेतला तर मध्यभागी २०८ मीटरचा सलग बांध मिळतो. दुसरा कर्ण घेतला तर त्याच ठिकाणी २०४ मीटरची खिंड पडते. निकषाच्या दृष्टीने दोन्ही रचना सारख्याच ग्राह्य आहेत. म्हणूनच बांधाचा माथा, नाल्याची कड, रस्त्याची किनार या ‘खंडरेषा’ आधी आखून त्रिकोणांच्या कडा त्यांवर सक्तीने बसवाव्या लागतात.

यमुनेच्या पूरमैदानात या कर्णाच्या निवडीला फार महत्त्व येते. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी नदीची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत पोहोचली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला गेला. दोहोंत फरक १.१७ मीटरचा, परंतु सपाट मैदानात तेवढ्याने पाणी दूरवर पसरते. जाळ्यात बांधाला खोटी खिंड पडली तर संगणकावरील पूर सुरक्षित वस्तीत शिरतो. उलट पुलाचे बिंदू जमिनीचे म्हणून राहून गेले तर तोच पूल प्रतिरूपात धरणासारखा आडवा येतो. खुद्द नदीच्या पात्रातही अडचण असते. लिडारचा अवरक्त प्रकाश पाणी बहुतांशी शोषून घेते. परिणामी तेथे बिंदू विरळ राहतात आणि दोन्ही काठांना जोडणारे लांबलचक त्रिकोण पात्रावर ताणले जातात. त्यांना नदीचा तळ समजणे ही घोडचूक ठरेल.

वास्तूंच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते, कारण तीत एका स्थानास एकच उंची गृहीत असते. कमानीला मात्र वर छत आणि खाली पोकळी असते. तेथे प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठाची दिशा ठरवून, त्यावरून सलग पृष्ठ काढणारी २००६ मधील ‘पॉइसाँ पुनर्रचना’ वापरता येते. तीही निर्दोष नाही. बंदिस्त पृष्ठाकडे तिचा कल असल्याने बिंदू विरळ असल्यास हुमायूनच्या मकबऱ्यातील जाळीसारखी नक्षी भरून जाऊन सपाट भिंत उरण्याचा धोका असतो.

डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत संपूर्ण देशाचे उच्च अचूकतेचे उन्नतांश प्रतिरूप तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मैदानी प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर, तर डोंगराळ व पर्वतीय प्रदेशासाठी १ ते ३ मीटर अशी ही अचूकता आहे. दिल्लीच्या मैदानास पहिला आकडा लागू होतो. मात्र हा आकडा उंचीच्या अचूकतेचा आहे. बांधाची माथारेषा जाळ्यात अखंड राखण्याचे काम त्यात आपोआप होत नाही. त्यासाठी खंडरेषा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे आखाव्या व तपासाव्या लागतात.